हृदयाचे आकडे आणि मेंदूचा हिशेब

गेल्या आषाढात, भर पावसात, एक जोडपे दवाखान्यात आले. काकांचे वय त्र्याहत्तर. सहकारी बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हसून नमस्कार केला आणि खुर्चीत गप्प बसून राहिले. तक्रार सांगितली ती काकूंनी.

"बाई, ह्यांना हल्ली काही उमगेनासं झालंय."

अधिक विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते मी जसेच्या तसे लिहून घेतले. घरची देवपूजा गेली चाळीस वर्षे काकांकडेच आहे. अथर्वशीर्ष त्यांना आजही मुखोद्गत आहे, एक अक्षर चुकत नाही. परंतु देव ताम्हनात घेतले की हात थबकतो. आता पाणी घालायचे, की गंध लावायचे, की निरांजन पेटवायचे, हे ठरवता येत नाही. वीजबिल भरायला गेले आणि रांगेत उभे राहून पैसे तसेच खिशात घेऊन परतले. ज्या माणसाने तीस वर्षे पै न् पै जुळल्याशिवाय तिजोरीला कुलूप लावले नाही, तो आता वाण्याच्या यादीची बेरीज अर्ध्यावर टाकून कागद बाजूला सारतो. पावले आखूड पडू लागली आहेत. शेजारीपाजारी म्हणतात, वय झाले, विसरायचेच. काकूंना मात्र ते पटत नव्हते. "विसरत काहीच नाहीत हो, नातवंडांचे वाढदिवससुद्धा पाठ आहेत," त्या म्हणाल्या.

काकूंचे निरीक्षण अचूक होते. बुद्धीचा ऱ्हास म्हणजे विस्मरण, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अल्झायमर या आजाराची सुरुवात बहुधा तशीच, नुकत्याच घडलेल्या गोष्टी विसरण्यापासून होते. परंतु मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होऊन जो ऱ्हास होतो, त्यात आधी ढासळतात ती नियोजन, क्रम, हिशेब आणि विचारांचा वेग ही कामे. पाठांतर शाबूत राहते. पुढे काय करायचे, ते कळत नाही.

थायरॉइड व ब-१२ जीवनसत्त्वाच्या तपासण्या केल्या. नैराश्य आहे का ते पाहिले, आणि बुद्धी मंद करणारी एखादी झोपेची वा सर्दीची गोळी चालू नाही ना, याचीही खात्री केली. ही सर्व कारणे दुरुस्त होण्याजोगी असतात, म्हणून ती आधी शोधावयाची असतात. त्यांपैकी एकही नव्हते. मग शहरातील मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोल भागात पांढरे डाग पसरलेले दिसले आणि मसुराच्या दाण्याएवढे तीन-चार जुने व्रण आढळले. त्या प्रत्येक ठिकाणी कधीतरी एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. काकांना ना कधी अर्धांगवायू झाला, ना कधी चक्कर आली. घरात कोणाला कळले नाही, आणि मलाही नाही.

जुना केसपेपर

ते गेल्यावर मी कपाटातून त्यांचा जुना केसपेपर काढला. पहिली नोंद १९९८ सालची, माझ्याच अक्षरातली: वय ४६, रक्तदाब १५६/९८, त्रास काही नाही, मीठ कमी करावे, गोळी रोज सकाळी एक. दोन महिन्यांनी १३२/८४. त्यानंतर तब्बल वर्षभराने: गोळी स्वतःहून बंद, १६०/१००. पुन्हा गोळी सुरू, पुन्हा बंद. २००४ मध्ये साखर वाढलेली. पुढे कोलेस्टेरॉलही. पानोपानी हा लपंडाव चालू होता, आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीत "त्रास काही नाही" हे तीन शब्द होते.

त्या काळात मी काकांशी पुष्कळ वाद घातल्याचे मला स्मरते. हृदयविकाराची भीती घातली, पक्षाघाताची घातली. ते छातीवर हात ठेवून म्हणायचे, "बाई, दोन मजले चढून येतो, धाप लागत नाही." आणि खरोखरच, त्यांना हृदयविकाराचा झटका आजतागायत आलेला नाही. मात्र त्या पंचवीस-सव्वीस वर्षांत मी त्यांना एकदाही असे सांगितले नाही की, "काका, या गोळीवर तुमचा म्हातारपणीचा हिशेब अवलंबून आहे." आकड्यांवर जगणाऱ्या त्या माणसाला ही भाषा कदाचित पटली असती. मी ती वापरली नाही, याची खंत मला आहे. आजचा हा लेख त्या खंतीपोटी लिहीत आहे.

हृदय आणि मेंदू यांचे नाते

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के. परंतु शरीर वापरते त्यापैकी जवळजवळ वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. स्नायूंप्रमाणे साखरेचा साठा करून ठेवण्याची सोय त्याला नाही. त्यामुळे त्याला क्षणोक्षणी ताजे रक्त लागते, आणि ते पोहोचवणारे हृदय व रक्तवाहिन्या यांच्यावर तो पूर्णपणे विसंबून असतो.

मेंदूच्या पृष्ठभागाकडून आत खोलवर जाणाऱ्या धमन्या अतिशय बारीक असतात. त्यांचा मार्ग लांबचा, आणि एक बंद पडली तर शेजारणीने मदतीला यावे अशी व्यवस्था तेथे फारशी नाही. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की या धमन्यांच्या भिंती जाड व कडक होतात, आतली पोकळी अरुंद होते. मधुमेह आणि तंबाखू याच भिंतींचे आतील अस्तर खराब करतात. मग त्यांच्या भरवशावर असलेले मज्जातंतूंचे जाळे उपाशी राहू लागते. मेंदूचा एक भाग दुसऱ्याशी ज्या तारांनी बोलतो, त्या याच जाळ्यात असतात. तारा झिजल्या की निरोप उशिरा पोहोचतात, कधी पोहोचतच नाहीत. ताम्हनापाशी काकांचा थबकलेला हात हे त्याचेच दृश्य रूप होते.

अल्झायमरचा मार्ग वेगळा आहे. त्यात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचतात. परंतु वयस्कर माणसांच्या मेंदूत पुष्कळदा हे दोन्ही दोष एकत्र आढळतात, आणि रक्तवाहिन्या खराब असतील तर अल्झायमरची लक्षणे लवकर उघडी पडतात. म्हणजे आजार कोणताही असो, रक्तवाहिन्या नीट राखल्याचा उपयोग होतोच.

कोणते आकडे पाहावयाचे?

पहिला आकडा रक्तदाबाचा. त्याचे वय महत्त्वाचे आहे. लंडनमधील सरकारी नोकरांचा १९८५ पासून पाठपुरावा करणारा 'व्हाइटहॉल-२' नावाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात पन्नासाव्या वर्षी ज्यांचा वरचा रक्तदाब १३० किंवा अधिक होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण अधिक आढळले. साठाव्या किंवा सत्तराव्या वर्षी मोजलेल्या रक्तदाबाचा मात्र तसा संबंध दिसला नाही. याचा अर्थ साठीनंतर गोळी निरुपयोगी, असा मुळीच नव्हे. हृदय, मूत्रपिंड आणि पक्षाघात यांसाठी ती हवीच. अर्थ एवढाच की मेंदूची झीज चाळिशी-पन्नाशीतच सुरू होते. उतारवयात दिसते ते आधीच झालेले नुकसान असते.

दुसरा आकडा एलडीएल कोलेस्टेरॉलचा. स्मृतिभ्रंशाचा आढावा घेणाऱ्या 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोग्या कारणांची यादी बारावरून चौदावर नेली. त्यात मध्यम वयातील वाढलेले एलडीएल आणि उतारवयातील अधू दृष्टी, ही दोन कारणे नव्याने आली. ही चौदाही कारणे दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, स्थूलता, बैठे जीवन व अतिमद्यपान हे आपल्या ओळखीचे हृदयाचे शत्रू त्या यादीत आहेतच.

तिसरा आकडा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा. साखर सतत चढी असणे जसे घातक, तसेच ती वारंवार फार खाली जाणेही मेंदूला बाधते. म्हणून वृद्धांच्या बाबतीत साखर अट्टहासाने खाली ओढू नये.

चौथी गोष्ट नाडीची. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तर तेथे रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या मेंदूकडे जाऊ शकतात. मोठी गुठळी अर्धांगवायू करते. बारीक गुठळ्या गाजावाजा न करता डाग ठेवून जातात. पुष्कळांना याची जाणीवही नसते. मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहण्याची जुनी रीत येथे आजही उपयोगी आहे. ठोके बेताल लागले तर ईसीजी काढावा.

आणखी एका तपासणीचा उल्लेख करते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूंतील प्रथिन. झटका आला की ते रक्तात मोठ्या प्रमाणावर वाढते, हे पुष्कळांनी ऐकले असेल. अतिसंवेदनशील तपासणीने त्याची अगदी अल्प वाढही कळते. वर सांगितलेल्या लंडनच्या अभ्यासात मध्यम वयात अशी किंचित वाढ असलेल्यांना पुढील पंचवीस वर्षांत स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण जास्त दिसले. लक्षणे नसतानाही हृदय कुरकुरत असेल तर मेंदूलाही झळ पोहोचत असते, हे त्यातून सूचित होते. मात्र हे वाचून कोणी प्रयोगशाळेत धाव घेऊ नये. निरोगी माणसाने स्मरणशक्तीच्या काळजीने ही तपासणी करावी, असे कोणतेही मार्गदर्शन आज नाही. साधा रक्तदाब मोजलेला नसताना महागड्या चाचण्यांमागे लागण्यात अर्थ नाही.

उपचाराने खरेच फरक पडतो का?

हा प्रश्न चोखंदळ वाचक विचारणारच, आणि तो विचारावाच. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी उपचार करून पाहावा लागतो.

अमेरिकेत 'स्प्रिंट' या चाचणीत नऊ हजारांहून अधिक माणसांचे दोन गट करण्यात आले. एका गटाचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली, दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. २०१९ मध्ये बुद्धीविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधिक काटेकोर गटात सौम्य बुद्धिऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. पूर्ण स्मृतिभ्रंशातही घट दिसली, पण ती निःसंशय म्हणावी इतकी नव्हती.

ती शंका बऱ्याच अंशी फेडली चीनच्या खेड्यांनी. तेथील ३२६ खेड्यांतील सुमारे चौतीस हजार माणसांवर चार वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या खेड्यांत गावातल्या साध्या वैद्यकीय कार्यकर्त्यांनीच, ठरवून दिलेल्या पद्धतीने, रक्तदाब १३०/८० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला. स्वस्त गोळ्या दिल्या, घरी रक्तदाब मोजायला शिकवले. त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. मोठे रुग्णालय नव्हते, महागडे यंत्र नव्हते. तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारखीला या निष्कर्षाने विशेष हुरूप आला.

फिनलंडमधील 'फिंगर' या चाचणीत साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० व्यक्ती होत्या. त्यांतील निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे उपक्रम आणि हृदयाच्या आकड्यांवर लक्ष, असे चारही उपाय एकत्र दिले. दोन वर्षांनी त्यांची बुद्धी दुसऱ्या गटाहून सरस होती. म्हणजे साठीनंतरही वेळ गेलेली नसते.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. उतारवयात स्टॅटिन सुरू करून पाहिलेल्या मोठ्या चाचण्यांत चार-पाच वर्षांत बुद्धी सुधारल्याचे दिसले नाही. त्याचबरोबर, "या गोळ्यांनी विसरायला होते" ही सार्वत्रिक भीतीही त्यांत खरी ठरली नाही. हृदयासाठी दिलेली गोळी या भीतीने बंद करू नये.

आपल्या घरात काय करावे?

भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असे देशव्यापी पाहणीवरून अनुमान काढण्यात आले आहे. त्यांतील प्रत्येकामागे एक काकू आहे, एक सून किंवा मुलगा आहे. म्हणून हा विषय एका रुग्णाचा नसून कुटुंबाचा आहे.

तिशीनंतर वर्षातून एकदा, आणि चाळिशीनंतर अधिक वेळा, रक्तदाब मोजावा. घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. त्याआधी अर्धा तास चहा व तंबाखू वर्ज्य. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरच्या मोजमापात सरासरी १३५/८५ किंवा अधिक राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. आकडा उतरला तो गोळीमुळे उतरला आहे, हे लक्षात ठेवावे. "आता नॉर्मल आहे" म्हणून ती बंद करणे म्हणजे छत्रीखाली कोरडे आहोत म्हणून छत्री मिटण्यासारखे आहे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरून घेतलेले मीठ आपल्याला दिसते. लोणचे, पापड, फरसाण, सुके बोंबील यांतले दिसत नाही. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण सोडावी. आठवड्याला दीडशे मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालावे. कमी ऐकू येत असेल तर कान तपासून यंत्र लावून घ्यावे, त्यात संकोच नसावा. बहिरेपणामुळे माणूस एकटा पडतो आणि एकटेपणाने बुद्धीवर गंज चढतो.

एक इशारा. फार वृद्ध व अशक्त माणसाचा रक्तदाब घाईने खूप खाली आणणे धोक्याचे असते. अशांचा रक्तदाब बसून आणि उभे राहून, दोन्ही वेळा मोजावा. उठल्यावर अंधारी येत असेल, तोल जात असेल, तर गोळीचे प्रमाण डॉक्टरांनी पुन्हा ठरवावे. स्वतःच्या मनाने वाढवू नये, कमीही करू नये.

आणि घरातील ज्येष्ठांची नुसती आठवण पारखू नका. नेहमीचा स्वयंपाक करताना क्रम चुकतो का, सुट्ट्या पैशांचा घोळ होतो का, औषधे दोनदा घेतली जातात का, स्वभाव एकाएकी निरिच्छ झाला का, हे पाहा. "वय झाले" या दोन शब्दांत पुष्कळ आजार लपून राहतात.

पुढची नोंद

काकांच्या मेंदूतील डाग पुसले जाणार नाहीत, हे मी काकूंना स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवणे मला जमले नाही. परंतु नवे डाग पडू नयेत यासाठी पुष्कळ काही करता येते. आता त्यांच्या गोळ्या सात कप्प्यांच्या डबीत असतात. सकाळी काकू आणि ते मिळून देवळापर्यंत चालत जातात. नातीने जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पूजेचा क्रम लिहून देवघराशेजारी लावला आहे: पाणी, पुसणे, गंध, अक्षता, फूल, उदबत्ती, निरांजन, नैवेद्य. काका एकेका शब्दावर बोट ठेवतात आणि पूजा पुरी करतात. अथर्वशीर्षाला पुठ्ठा लागत नाही.

मागच्या खेपेस त्यांच्याबरोबर मुलगा आला होता. पुण्याला नोकरी करतो, वय पंचेचाळीस. वडिलांची तपासणी आटोपल्यावर मी त्यालाही खुर्चीत बसवले आणि दंडाला पट्टा गुंडाळला. पहिला आकडा १५२/९६. पाच मिनिटांनी १४८/९४.

"काही त्रास नाही मॅडम मला," तो म्हणाला. "रोज जिना चढतो."

मी काही बोलले नाही. कपाटातून १९९८ सालचा तो पिवळा पडलेला केसपेपर काढून त्याच्या हाती दिला. त्याने तो सावकाश वाचला. मग खुर्चीत शांत बसलेल्या वडिलांकडे त्याने पाहिले, आणि मला विचारले, "रोज सकाळी एक का?"

पुढचा आठवडाभर घरी दोन वेळा रक्तदाब मोजून आकडे लिहून आणायला मी त्याला सांगितले आहे. गोळीचे त्यानंतर ठरवू. मात्र नवा केसपेपर त्याच दिवशी केला. वय, तारीख, दोन्ही आकडे लिहिले. "त्रास काही नाही" हे शब्द लिहिले, आणि त्यापुढे या वेळी आणखी एक ओळ लिहिली: मेंदूविषयी समजावून सांगितले.